समुद्रात वारा ओळखणारा माणूस जेटीवर उतरला की कुठे चुकतो? (दारू, मेंदू आणि हिशेब)

सागरवेल
शनि, रात्री १०:१४

देवगडच्या बाजूला आमची एक ट्रॉलर आहे. बोट नवरा बघतो, वाटणीचा हिशेब माझ्याकडे. बोटीवरचा तांडेल (बोटीचा कप्तान) माझ्या लग्नाच्या आधीपासून आमच्याकडे आहे. इथे त्याला तात्या म्हणते.

तात्यासारखा तांडेल शोधून सापडायचा नाही. गेल्या मोसमात मासळी चांगली लागलेली असताना वारा फिरला म्हणून त्याने जाळं वर घ्यायला लावलं आणि बोट वळवली. शेजारच्या दोन बोटी अजून एक ओढ मारू म्हणून थांबल्या, त्यातल्या एकीचं जाळं गेलं. फायदा किती, धोका किती, कुठे थांबायचं, हे गणित त्याच्या अंगातच आहे.

हाच माणूस जेटीवर उतरून वाटणी हातात पडली की घरी जात नाही. बायको माहेरी जाऊन परत आली. मध्ये कावीळ झाली. सोनोग्राफीचा कागद तो स्वतःच माझ्याकडे घेऊन आला, 'ह्या काय लिवलाहा ता वाचून दाखवा' म्हणाला. मी वाचलं, लिव्हरला सूज आहे, दारू पूर्ण बंद, असं सगळं. शांतपणे ऐकलं, कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवला. आणि रात्री त्याच शर्टात पिऊन आमच्या पडवीत आडवा. सकाळी विचारलं तर म्हणाला, "वैनीनू, सगळा कळता. पण जेटीर पाय ठेवलंय काय ते थयच जातत."

बोटीवर दारू चालत नाही हा आमचा नियम आहे आणि तो पाळतोही. पहिले एक-दोन दिवस त्याचे हात कापतात, झोपत नाही, घाम येतो, असं खलाशी सांगतात. मग व्यवस्थित.

तर प्रश्न असा की ज्याला समुद्रात धोका इतका अचूक दिसतो, त्याला हा का दिसत नाही? 'इच्छाशक्ती नाही' हे उत्तर ऐकून कंटाळा आलाय. दुसरं, शेजारची एक बाई सांगते की जेवणात न कळत घालायची गोळी मिळते, तिच्या दिराला दिली होती. तात्याची बायको ती आणायच्या विचारात आहे. द्यावी का? जून-जुलैची बंदी आली की हा दोन महिने जमिनीवर. मला त्याचीच धास्ती आहे.

गजाली_भाऊ
शनि, रात्री १०:४०

प्रत्येक वाडीत एक तात्या आसताच. आमच्या वाडीतलो तर ग्रामसभेत दारूबंदीचो ठराव मांडून थयसूनच बसाक गेललो. बाकी राखणेक म्हणान देवाक बाटली देतत ती मगे खय जाता, ह्या कोण विचारना नाय. असो. वाचतंय.

मनकवडा
शनि, रात्री ११:२५

मी मनोविकारतज्ज्ञ, सिंधुदुर्गातच काम करतो. मेंदूचं शास्त्र उंदीरमामा येऊन सांगतील, त्यांचं ते रोजचं काम आहे. पण दोन गोष्टी उद्यावर टाकण्यासारख्या नाहीत.

हात कापणं, घाम, झोप नसणं याला आम्ही विथड्रॉवल म्हणतो. दारू मेंदूतल्या गाबा नावाच्या शांत करणाऱ्या रसायनाचं काम वाढवते आणि ग्लुटामेट या उत्तेजित करणाऱ्या रसायनाचं काम दाबते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळायला उलट बाजूने जोर लावून बसतो. दारू अचानक काढून घेतली की तो जोर तसाच राहतो आणि मेंदू नुसता खवळतो. फिट येण्याचा धोका साधारण शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत. त्यापुढे, बहुतेक दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, काहींना भास होतात, माणूस ओळखत नाही, ताप चढतो, नाडी धावते. उपचार नाही मिळाला तर यात माणसं मरतात. आजवर तात्याचं निभावलंय. पुढच्या वेळी निभावेलच असं नाही, दरवेळी त्रास थोडा वाढत जातो. आणि किनाऱ्यापासून काही तासांवर असलेल्या बोटीवर फिट आली तर तुम्ही काय करणार? तेव्हा 'बोटीवर आपोआप सुटते' या भरवशावर राहू नका. सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन. सोबत बी-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन द्यावं लागतं. अशा माणसांमध्ये ते कमी असतं आणि फार कमी झालं तर मेंदूला कायमची इजा होते.

दुसरं, न कळत गोळी. नाही. अजिबात नाही. का ते सविस्तर लिहितो, आत्ता ओपीडीतून घरी आलोय, जेवून घेतो. तात्याच्या बायकोला मात्र आजच निरोप द्या.

उंदीरमामा
रवि, सकाळी ८:०५

हाक ऐकली. (मूळ वेंगुर्ला, सध्या पुण्यात उंदरांच्या मेंदूवर काम करतो. आयडी त्यामुळे.)

सागरवेल, तुमच्या तात्याचं 'पाय थयच जातत' हे वाक्य मला फार आवडलं, कारण १९९० च्या दशकात वुल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूत जे पाहिलं ते जवळपास हेच आहे. माकडाला ज्यूसचा थेंब मिळाला की मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी चेकाळतात. काही दिवस, दरवेळी आधी दिवा लावून मग ज्यूस दिला, तर त्या पेशी ज्यूसला प्रतिसाद देणं थांबवतात आणि दिवा लागल्यावरच चेकाळतात. दिवा लागला आणि ज्यूस आलाच नाही, तर ठरलेल्या वेळी त्या एकदम गप्प होतात. म्हणजे डोपामिन मजेचं मोजमाप करत नाही. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी, हा फरक ते सांगतं, आणि त्या फरकावरून मेंदू शिकतो. शुल्त्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी हे १९९७ मध्ये गणितासकट मांडलं. २०१७ चं ब्रेन प्राइझ शुल्त्झ, डायन आणि रे डोलन यांना याच विषयावरच्या कामासाठी मिळालं.

दारूची गडबड अशी की ती डोपामिन थेट वाढवते. ज्यूसची सवय झाली की 'अपेक्षेपेक्षा जास्त' हा संदेश बंद होतो. दारू रसायनाच्या जोरावर तो संदेश परत परत पाठवत राहते. म्हणून तिच्याशी जोडलेल्या खुणांची किंमत मेंदूत वाजवीपेक्षा चढत जाते. तात्याच्या बाबतीत त्या खुणा कुठल्या असतील बघा: इंजिन बंद होणं, जेटीचा वास, नोटा मोजून हातात पडणं, ठरलेला मित्र. बोटीवर यातलं काहीच नाही. तो बोटीवर न पिता राहतो, यात सोंग नाही.

केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९९३ मध्ये यात एक मोठी भर घातली. हवंसं वाटणं आणि आवडणं यांची यंत्रणा मेंदूत वेगवेगळी आहे. व्यसनात पहिली चढत जाते, दुसरी चढत नाही, उलट घसरूही शकते. जुन्या पिणाऱ्याला विचारा, मजा येते का. बरेच जण नाही म्हणतील.

आता तुमचा मुख्य प्रश्न, धोका का दिसत नाही. माझं म्हणणं असं की दिसतो. तो वजनात कमी भरतो.

आयोवा विद्यापीठात अँटॉइन बेकारा, अँटोनिओ दमासिओ आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये पत्त्यांचा एक खेळ केला. चार गड्ड्या. दोन गड्ड्यांत दर पानाला १०० डॉलर, पण मधूनच जबर दंड. दहा पानांमागे एकूण २५० चा तोटा. उरलेल्या दोन गड्ड्यांत पानाला ५० च, पण दंडही लहान. दहा पानांमागे २५० चा फायदा. हे आधी कोणाला सांगत नाहीत. धडधाकट माणसं काही पानांनंतर हळूहळू लहान फायद्याच्या गड्ड्यांकडे वळतात. गंमत म्हणजे वाईट गड्डीकडे हात जाताना त्यांच्या तळहाताला सूक्ष्म घाम येतो, आणि 'ही गड्डी वाईट' हे तोंडाने सांगता येण्याच्या आधीपासून येतो. ज्यांच्या मेंदूच्या कपाळामागच्या, डोळ्यांच्या वरच्या भागाला इजा झाली आहे त्यांना तो घाम येत नाही. आणि त्यांच्यातले काही जण 'ह्या गड्ड्या नुकसानीच्या आहेत' असं स्पष्ट सांगतात, तरी पान तिथूनच उचलतात.

सगळा कळता, तरी.

२००१ मध्ये बेकारांनीच दारू किंवा उत्तेजक द्रव्यांच्या आहारी गेलेल्यांना हा खेळ दिला, त्यातल्या बऱ्याच जणांचा खेळ या इजा झालेल्यांसारखा निघाला. दारू त्या भागाला दुबळं करते की तो भाग आधीच दुबळा असणारे दारूकडे जास्त ओढले जातात? दोन्ही थोडंथोडं खरं मानतात.

समुद्रात वारा फिरला की परिणाम तासाभरात अंगावर येतो आणि तो नक्की येतो. लिव्हर काही वर्षांनी बोलतं, आणि मागच्या शनिवारी पिऊनही रविवारी तात्या उठून चालतच होता. दूरचं आणि अनिश्चित नुकसान सगळ्यांच्याच मेंदूत स्वस्त होतं (माझी एसआयपी दर महिन्याला चुकते ती याचमुळे), पण व्यसन लागलेल्यांमध्ये ही घसरण फार उताराची असते, हे अनेक प्रयोगांत दिसलंय. त्यात पहिले दोन पेग पोटात गेले की नजर आणखी आखूड होते. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी १९९० मध्ये हे मांडलं: नशेत जे समोर आणि ठळक आहे तेवढंच दिसतं, मागचंपुढचं गळून पडतं. म्हणून 'एकच घेऊन उठतो' असं ठरवणारा माणूस आणि दोन पेगनंतर बसलेला माणूस यांचा हिशेब एक नसतो.

हापूस_नको
रवि, सकाळी ९:३०

माहितीपूर्ण आहे, पण सगळं केमिकलवर ढकललं की जबाबदारी कोणाची? आमच्या काकांनी आषाढीला माळ घातली आणि त्या दिवसापासून थेंब नाही. कसला डोपामिन न कसला गाबा. मनात आणलं की होतं. आणि एक, आमच्याकडे काजूच्या मोसमात हुर्राक सगळेच घेतात, सगळे काही तात्या होत नाहीत. उगाच सगळ्यांना पेशंट करू नका.

सुरंगीचा_वळेसर
रवि, सकाळी ९:४१

+१ माळेला. बाकी धागा वाचनखुणेत साठवला.

उंदीरमामा
रवि, सकाळी १०:१०

@हापूस_नको, दुसरा मुद्दा बरोबर, आणि त्यावर प्रयोग आहे. स्वीडनमध्ये लिंकोपिंगला मार्कस हायलिग यांच्या गटाने दारूची सवय लावलेल्या उंदरांना निवड दिली: दारू नाहीतर गोड पाणी. बहुसंख्य उंदीर गोड पाण्याकडे वळले. साधारण १५ टक्के दारूलाच चिकटून राहिले. त्यांच्या दारूत कडू क्विनाइन घातलं, दारूबरोबर पायाला विजेचा झटका दिला, तरी त्यांनी सोडली नाही. त्यांच्या अमिग्डालात (मेंदूतला भीती आणि भावनांशी जोडलेला भाग) गाबा उचलून नेणारं एक प्रथिन कमी होतं. २०१८ चं काम आहे. म्हणजे सगळे तात्या होत नाहीत हे खरं, आणि जे होतात त्यांच्यात कुठेतरी जोडणी वेगळी असते हेही खरं. माणसांत अनुवंशाचा वाटा निम्म्याच्या आसपास धरतात.

मला त्या प्रयोगातलं दुसरंच टोक महत्त्वाचं वाटतं. गोड पाणी समोर होतं म्हणून बहुतेकांनी दारू सोडली. समोर दुसरं काही नसेल तर? बंदीच्या दोन महिन्यांत तात्यासमोर काय असतं?

आणि माळ. काकांबद्दल आदर आहे, पण माळेने काय केलं बघा. रोज 'आज घ्यावी की नको' हा सवालच काढून टाकला. सगळ्या गावाला दिसेल अशी गळ्यात घातली, म्हणजे मोडली तर त्याच संध्याकाळी नाक्यावर अब्रू जाणार. दूरचा परिणाम जवळ आणि नक्की झाला. शिवाय भजन, दिंडी, नवी माणसं, म्हणजे गोड पाणी मिळालं ते वेगळंच. माझ्या शास्त्राला यात काही अडचण नाही.

कुळीथपिठी
रवि, दुपारी १२:१५

मला वेगळं बोलायचंय आणि थोडं कडू वाटेल. दिवसभर इथे त्याच्या मेंदूचा हिशेब चाललाय. त्याच्या बायकोच्या मेंदूचा कोण मांडणार? माझा नवरा दारूत गेला. मी बारा भानगडी केल्या, बाटल्या ओतल्या, नवस बोलले, त्याच्या मित्राच्या दारात जाऊन शिव्या दिल्या. रात्री फाटक वाजलं की कशी चाल आहे यावरून पोरांना कुठल्या खोलीत पाठवायचं हे मला कळायचं. उद्या कोणी म्हणेल, त्याचा कपाळामागचा भाग दुबळा होता, म्हणून हात उचलला. मला हे चालणार नाही.

मनकवडा
रवि, दुपारी १:००

@कुळीथपिठी, कडू नाही, खरं आहे. मेंदूचं स्पष्टीकरण उपचार ठरवायला उपयोगी पडतं, मारहाण माफ करायला नाही. मी पेशंटच्या बायकोला वेगळं बसवून एकच विचारतो, घरी सुरक्षित वाटतं का. नाही म्हणाली तर आधी तिची सोय, नवऱ्याच्या गोळ्या नंतर. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा नवरा व्यसनी आहे की नाही हे बघत नाही.

आता काल राहिलेलं. आणि उंदीरमामांच्या मांडणीला एक जोड.

आपण तात्याचा हिशेब कसा मांडतो? एकीकडे क्वार्टरची मजा, दुसरीकडे लिव्हर, बायको, अब्रू. मग म्हणतो, येड्याला साधं कळत नाही. पण रोज पिणाऱ्याच्या हिशेबात 'न पिणं' यालाही परिणाम असतो, आणि तो दहा वर्षांनी येत नाही, काही तासांत येतो. कापरं, घाम, छातीत धडधड, रात्रभर टक्क डोळे, एक नाव नसलेली भीती. पहिला घोट घेतला की हे सगळं वीस मिनिटांत ओसरतं. सुरुवातीला माणूस मजेसाठी पितो, पुढे सुटकेसाठी. त्रास मिटवणाऱ्या गोष्टीची सवय मजा देणाऱ्या गोष्टीइतकीच पक्की बसते. बाजारात मासळीवाली काट्याला अंगठा लावते तसा हा विथड्रॉवल अंगठा लावून बसलेला असतो. तो काढल्याशिवाय तुम्ही दुसऱ्या बाजूला कितीही उपदेश टाका, काटा हलत नाही. म्हणून आधी डिटॉक्स (देखरेखीखाली दारू सोडवून विथड्रॉवलचा त्रास औषधांनी आवरणं), मग समुपदेशन.

न कळत द्यायची ती गोळी बहुधा डायसल्फिराम. १९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे जंतांवर औषध म्हणून ते तपासत होते. स्वतःवरच घेऊन बघितलं, नंतर दारू प्यायले आणि आजारी पडले, त्यातून हा उपयोग कळला. दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग ते मोडलं जातं. ही गोळी ते मोडू देत नाही. मग दारू घेतल्यावर साधारण दहा ते तीस मिनिटांत चेहरा लालबुंद, डोकं फुटेल असं दुखणं, ओकाऱ्या, धडधड, रक्तदाब कोसळणं.

उंदीरमामा माळेबद्दल म्हणाले तसं ही गोळीही दूरचा परिणाम जवळ आणते. पण ती काम करते ते माणसाला माहीत असेल तर. सकाळी स्वतःच्या हाताने गिळली की त्या दिवसाचा सवाल मिटला, कारण आज प्यायलो तर काय होईल ते नक्की ठाऊक आहे. ज्याला माहीतच नाही त्याच्या हिशेबात काहीच बदललं नाही. तो नेहमीसारखाच पिणार आणि बारच्या बाकावर कोसळणार. तात्याचं लिव्हर आधीच सुजलंय. त्यात हृदयाचं काही असेल तर जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहतो. आणि कधीतरी कळलं की बायकोने जेवणात काहीतरी घातलं होतं, तर त्या घरात पुन्हा तिच्या हातचं कोणी विश्वासाने खाईल का? माझ्याकडे अशी घरं येतात.

नाल्ट्रेक्सोन नावाचं वेगळं औषध आहे, अमेरिकेत १९९४ पासून दारूसाठी मान्य. पिण्यातून मिळणारी मजा ते बोथट करतं. अकॅम्प्रोसेट हे आणखी एक. कुठलं द्यायचं ते लिव्हरच्या तपासण्या बघून ठरतं, धाग्यावर विचारून नाही. :)

सध्या_कोरडा
रवि, रात्री ९:२०

पहिल्यांदाच लिहितोय, एरवी फक्त वाचतो. किती दिवस झाले विचारू नका, आमच्या मीटिंगला 'फक्त आजचा दिवस' एवढंच चालतं. १९३५ मध्ये अमेरिकेत एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) सुरू झालं तेव्हापासून चालत आलेली पद्धत असावी. उंदीरमामांचं वाचल्यावर कळलं की त्या वाक्यात दम का आहे. 'आयुष्यभर नाही' म्हटलं की छाती दडपते. आज रात्री जेवेपर्यंत नाही, हे जवळ आहे, पेलतं.

मी काजूच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. मजा वगैरे कधीच संपली होती. सकाळी पोरं उठायच्या आत मोरीत जाऊन पहिला ग्लास दोन्ही हातांनी धरायचो, तरी निम्मा बनियनवर. चव घाणेरडी, उलटी यायची, ती दाबून दुसरा घ्यायचो, मग हात थांबायचे, मग दाढी करायची. बायकोला वाटायचं हा ऐष करतो. मला फक्त दाढी करताना कापलं जाऊ नये एवढंच हवं असायचं.

कळत नव्हतं असं कधीच नव्हतं. माझ्याइतके दारूचे तोटे कोणाला पाठ नसतील. मला कोणी तोटे सांगायला लागलं की लाज वाटायची, आणि लाज घालवायचं एकच औषध मला माहीत होतं.

सागरवेल, तात्याला व्याख्यान देऊ नका. तो पाया पडेल, रडेल आणि तिथून उठून थेट जाईल.

गजाली_भाऊ
रवि, रात्री ९:५५

सध्या_कोरडा, तुमका दंडवत.

अवांतर: गावातला दुकान बंद करूक आडवी बाटली करतत ना, बायकांच्या मतान. बंद झाला तर गोव्याची बाटली घरपोच. पण एक मात्र खरा, पाच मिन्टांवरचा दुकान पंचवीस मिन्टांवर गेला तरी कायतरी फरक पडता. आमच्या शेजाऱ्याक आळसान वाचयलो.

हापूस_नको
रवि, रात्री १०:०५

आळसावर खरंच हसलो. आणि कोरडा साहेब, सकाळचा प्रतिसाद जरा जोरात दिला मी. काकांना फोन केला आज. म्हणाले, पहिले चार महिने मठातच झोपायचो, घरी जायची भीती वाटायची. हे आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं.

सागरवेल
मंगळ, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार, वेगळे मानत नाही. गोळीचा बेत रद्द, मी स्वतः तात्याच्या घरी जाऊन सांगून आले.

नवऱ्याशी बोलून एक केलंय. ह्या फेरीपासून तात्याची वाटणी जेटीवर रोख द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरी हिशेब, आणि पैसे तो आणि त्याची बायको, दोघांच्या खात्यात ठरल्याप्रमाणे. तात्याला विचारूनच ठरवलं. आधी त्याचं तोंड पडलं, मग म्हणाला, "बरा केल्यात. हातात दिल्यात तर माझो माकाच इस्वास नाय." बाकीच्या खलाशांची कुरकुर आहे, त्यांना रोखच हवे, ते त्यांना देतोय.

अजून एक प्रश्न. बक्षिसावर काही चालतं का? नवरा म्हणतो, न पिण्याचे पैसे द्यायचे म्हणजे लाच झाली. आणि बंदीत जाळी विणायचं, इंजिनचं काम त्याला पगारावर द्यावं म्हणते, नाहीतर दोन महिने पारावर बसणार.

उंदीरमामा
मंगळ, रात्री ११:३०

लाच म्हणा हवं तर, पण काम करते. नॅन्सी पेट्री यांनी २००० साली दारूच्या आहारी गेलेल्या ४२ जणांवर करून पाहिलं. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांना तेच, पण तोंडाच्या वाफेच्या तपासणीत दारू आढळली नाही की एका भांड्यातून चिठ्ठी उचलायची संधी. बऱ्याच चिठ्ठ्यांवर नुसतं शाबासकीचं वाक्य, काहींवर लहान बक्षीस, एखादीवर मोठं. आठ आठवड्यांनंतर नेहमीच्या गटातले २२ टक्के उपचारात टिकले होते, चिठ्ठीवाल्यांतले ८४ टक्के. रक्कम फार मोठी नव्हती. बक्षीस लगेच, नक्की आणि तपासून दिलं, हे महत्त्वाचं. महिनाअखेरीचा बोनस ठेवलात तर तो लिव्हरच्याच रांगेत जाऊन बसेल. आणि एखाद्या दिवशी घसरला तर त्या दिवसाचं बक्षीस नाही, पण नोकरी जाणार नाही, हे आधीच बोलून ठेवा.

बंदीतल्या कामाची कल्पना सगळ्यात चांगली. मी वर विचारलेल्या गोड पाण्याचं उत्तर तुम्हीच दिलंत.

मनकवडा
बुध, सकाळी ७:४०

सहमत, पण क्रम चुकवू नका. आधी डॉक्टर. फेरीवरून आल्यावर नको, जायच्या आधी पण नको. बंदी लागली की पहिल्याच आठवड्यात भरती करून डिटॉक्स, म्हणजे पुढचे दोन महिने हाताशी राहतात. तोवर फेरीवर पाठवणार असाल तर डॉक्टरांना विचारूनच.

ओरोसच्या सिव्हिलला आधी दाखवा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. लांब जायची तयारी असेल तर पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र, १९८६ पासून हेच काम करतंय. रात्रीबेरात्री कोणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६, मराठीत बोलतात. व्यसनमुक्तीसाठी वेगळा १४४४६ आहे. जाताना सोनोग्राफीचा तो कागद, जुने रिपोर्ट, चालू गोळ्या घ्या. शेवटचा पेग कधी घेतला हे तात्याने खरं सांगितलं पाहिजे, आमची औषधाची मात्रा त्यावर ठरते. फिट कधी आली होती का, हेही.

मेंदू सावरतो, हे त्याला सांगा. बंद केल्यावर काही आठवड्यांत झोप आणि लक्ष सुधारायला लागतं, पुढचं काही महिने चालू राहतं.

सागरवेल
बुध, सकाळी ८:१५

तात्या हो म्हणालाय. बायको सोबत येईल म्हणते, पण तिला पुरा दिवस मिळणं कठीण, पोरांच्या शाळा सुरू होतायत. सकाळच्या एसटीने त्याला पुढे पाठवून आम्ही दुपारी पोचलो तर चालेल का?

सध्या_कोरडा
बुध, सकाळी ८:३२

नाही. देवगडहून ओरोसला जायचं म्हणजे बहुतेक कणकवलीला गाडी बदलावी लागणार. तिथे त्याला अर्धा तास मोकळा मिळेल, आणि खिशात तुम्ही दिलेले तिकिटाचे पैसे असतील. गाडी काढा, तुमच्या नवऱ्यालाच चालवू दे, आणि वाटेत चहाला थांबलात तर त्याच्यासोबत खाली उतरा.